तलावाला कोपरे कसे?

दोस्तांनो, कन्हानला राहणारी माझी भाची परवा नागपूरला आली होती. रमण विज्ञान केंद्र पाहून आम्ही गांधीसागर तलावाच्या कठड्याशी उभे राहिलो. बाईसाहेब बराच वेळ पाण्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "मामा, आमच्या नदीला कुठे कोपरे नाहीत. मग या तलावाला कसे?"

प्रश्न लाखमोलाचा! निसर्ग काही फूटपट्टी घेऊन बसत नाही. काठ सरळ आणि दगडाने बांधलेला दिसला, की समजावे, इथे माणसाचा हात फिरला आहे.

गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास नागपूर वसवले. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने इथे राजधानी आणली, शहराभोवती तट बांधला. पण तटाच्या आतल्या माणसांना प्यायला पाणी नको का? मग आसपासचे ओढे वळवून, नागनदीशी जोडून हा तलाव तयार झाला. नाव पडले जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून पुढे तो शुक्रवारी तलाव झाला आणि नंतर गांधीसागर. तलाव एक, नावे तीन!

"म्हणजे मोठा खड्डा खणला की झाला तलाव?" भाचीने विचारले.

छे! तलावाला तीन गोष्टी लागतात. पाणी येण्याची वाट, पाणी अडवणारा बांध आणि जास्तीचे पाणी जाण्याची वाट. या तिसऱ्या वाटेला म्हणतात सांडवा. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले, तर ते माती ओढून नेते. बोटभर चर बघता बघता हातभर होतो आणि बांध फुटतो. म्हणून सांडवा बांधापेक्षा खाली ठेवतात आणि दगडाने पक्का करतात.

नागनदीच्या वरच्या अंगाला आहे अंबाझरी. हा तलाव मूळचा भोसल्यांच्या काळातला. इंग्रजी अमदानीत, 1870 च्या सुमारास, त्याचा बांध उंच केला आणि शहराला नळाने पाणी मिळू लागले. शहर वाढले तशी तहानही वाढली. आज नागपूर पाणी पिते ते मुख्यतः पेंच आणि कन्हानचे.

आता 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. तीन-चार तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. म्हणजे किती? 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद अंगणात तब्बल 10,000 लिटर पाणी! अंबाझरी भरून वाहू लागला. बांध टिकला, पण सांडव्यावरून सुटलेले पाणी पुढे मावेना. नागनदीचे पात्र जागोजागी आवळलेले. लोक साखरझोपेत असताना पाणी घरात शिरले. काही जणांचे प्राण गेले. सांडव्यासमोरच्या बांधकामाचा प्रश्न मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला.

सांडवा नुसता बांधून भागत नाही, बरं का! त्याच्या पुढची वाटही मोकळी हवी. पाणी आपली वाट विसरत नाही, माणूस मात्र विसरतो.

"आणि हे पाणी शेवटी जातं कुठे?"

"पिवळी नदीला सोबत घेऊन नागनदी कन्हानलाच जाऊन मिळते."

भाचीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे आमच्या नदीचं पाणी नळाने इथे येतं आणि नागनदीतून परत जातं?"

"जातं तर खरं. पण येताना जसं असतं, तसं राहत नाही. शहराचं सांडपाणीही सोबत घेऊन जातं."

यावर ती काही बोलली नाही. नुसती तलावाकडे पाहत राहिली.

या रविवारी एक करून पाहा. एका परातीत मातीचा बांध घाला आणि एका बाजूला हळूहळू पाणी ओता. पाणी बांधावरून गेले की काय होते, ते पाहा. मग नवा बांध घालून एका टोकाला थोडी खालची वाट ठेवा, तिच्यात खापरीचे तुकडे बसवा आणि पुन्हा पाणी ओता. शेवटी त्या वाटेच्या तोंडाशी एक वीट आडवी ठेवा. काय झाले, ते वहीत लिहून ठेवा.

आणि हो, परात घासून आईला परत द्यायला विसरू नका!