इंग्रजीत लिहिणारे आपले कवी : पुस्तके आहेत कोठे?

सीमाभागातील वाङ्मयीन सभासंमेलनांत एक वाद ठरलेला असतो. भारतीय मनुष्याने इंग्रजीत काव्यरचना करावी काय, आणि केल्यास तिला काव्य म्हणावे काय, या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी आवेशाची भाषणे होतात. मातृभाषा, संस्कार, अनुभूतीची अस्सलता हे शब्द सभागृहात घुमतात. दोन्ही पक्षांत थोडे थोडे तथ्य असल्याचा निर्वाळा अध्यक्ष देतात आणि मंडळी चहाला उठतात. वादाला आमची हरकत नाही. हरकत आहे ती याला की, ज्या पुस्तकांविषयी हा वाद चालतो ती सभागृहातील बहुतेकांनी कधी हातात घेतलेली नसतात. आणि घ्यावी म्हटले तर बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद वा कलबुर्गी येथे ती मिळावीत कोठे, याचा विचार कोणत्याही ठरावात आलेला आम्हांस आठवत नाही.

वाद तसा जुनाच. १९६३ साली स्टीफन स्पेंडर व डोनाल्ड हॉल यांनी संपादिलेल्या काव्यकोशात बुद्धदेव बसूंनी भारतीयांच्या इंग्रजी कवितेला पुढे वाटच नाही असा निकाल देऊन टाकला. त्यावर कोलकात्याच्या पी. लाल यांनी काय केले? १९५८ पासून त्यांचे 'रायटर्स वर्कशॉप' चालूच होते. त्यांनी कवींना प्रश्नावली धाडली, आणि शंभरांहून अधिक कवींच्या कविता व उत्तरे एकत्र करून १९६९ साली एक जाडजूड ग्रंथ वाचकांपुढे ठेवला. त्यात भरताड पुष्कळ आहे, हे त्या ग्रंथाच्या चाहत्यांनीही मान्य करावे. पण टीकेला पुस्तकाने उत्तर देण्याची ती रीत आमच्या सभांनी उचलली असती, तर आज हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

मध्यंतरी एका तालुक्याच्या गावी आम्ही सार्वजनिक ग्रंथालयात गेलो. मराठीचे एक कपाट होते. त्यात कादंबऱ्या, पोथ्या आणि चरित्रे होती, आणि त्यांची पाने वाचून वाचून मऊ झाली होती. इंग्रजीच्या कपाटात व्याकरणे, शब्दकोश, स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके आणि यशस्वी होण्याचे उपाय सांगणारी पुस्तके होती. काव्य या सदरात दोन पुस्तके निघाली, तीही शालेय क्रमिक. ग्रंथपाल सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "इंग्रजी कवितेची मागणीच येत नाही." हे खरेच असणार. ज्या वस्तूचे नावच गावात पोहोचलेले नाही तिची मागणी करावी तरी कोणी? मागणी नाही म्हणून पुस्तक नाही, आणि पुस्तक नाही म्हणून मागणी नाही, असा हा रहाट आहे.

आता या ग्रंथालयात काय असावयास हवे होते ते पाहू. बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे बाराव्या शतकातील कल्याण, बसवण्णांची कर्मभूमी. येथल्या शरणांची वचने जगभर वाचली जातात ती प्रामुख्याने इंग्रजीतून, आणि ती इंग्रजीत नेणारे स्वतः कवी होते. अ. क. रामानुजन मूळ म्हैसूरचे. त्यांनी काही काळ बेळगावातही इंग्रजी शिकविले आणि पुढे शिकागोस अध्यापन केले. 'द स्ट्रायडर्स' हा त्यांचा इंग्रजी कवितासंग्रह १९६६ चा, आणि बसवण्णा, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी व देवर दासिमय्या यांच्या वचनांचा 'स्पीकिंग ऑफ शिव' हा अनुवाद १९७३ चा. रामानुजन निदान नावाने तरी आपल्याकडे ठाऊक आहेत.

आर्मांदो मेनेझिस हे नाव मात्र सीमाभागात उच्चारून पाहावे. समोरचा मनुष्य आपल्याकडे पाहत राहतो. हे गोमंतकीय कवी. 'द फंड' हे त्यांचे इंग्रजीतील उपहासात्मक महाकाव्य १९३३ साली निघाले, आणि पुढे आणखीही संग्रह निघाले. धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात ते इंग्रजीचे प्राध्यापक होते. कोकणी मुलखातून आलेला हा कवी कन्नड मुलखात रमला आणि तेथल्या संतवाणीच्या मागे लागला. एस. एम. अंगडी यांच्यासह त्यांनी केलेला बसवण्णांच्या वचनांचा इंग्रजी अनुवाद १९६७ साली सिरिगेरे येथून प्रसिद्ध झाला. कल्याणच्या अनुभवमंटपातील शरणांचे संवाद ज्यात गुंफलेले आहेत त्या 'शून्यसंपादने'चे इंग्रजी खंड धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने १९६५ पासून काढले. त्यांतील पहिल्या खंडावर नंदीमठ व हिरेमठ यांच्या जोडीने मेनेझिस यांचे नाव आहे.

वाचकहो, हा योग पाहा. हे नियतकालिक ज्या दोन भाषांत निघते त्यांतील एकीच्या प्रदेशातला कवी; त्याने इंग्रजी ही आपली काव्यभाषा केली, आणि तिच्यात आणली ती बिदर जिल्ह्यातल्या एका गावची वाणी. या मनुष्याचे पुस्तक बसवकल्याणात हक्काने मिळावयास हवे होते. इंग्रजी कविता परकी, मुळे नसलेली, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यास आम्ही विचारतो : या पुस्तकाची मुळे आपल्या पायांखाली नाहीत, तर कोठे आहेत?

दुसरे उदाहरण अरुण कोलटकरांचे. 'जेजुरी' १९७६ साली निघाली आणि १९७७ साली तिला राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले. जेजुरीचा खंडोबा हाच आपला मैलार. भालकी तालुक्यात खानापूरचा मैलार मल्लण्णा आहे. तेथे भंडारा उधळणारा भाविक मराठीत खंडोबा म्हणतो, कन्नडात मैलार म्हणतो, आणि त्याला त्यात काही विसंगती वाटत नाही. कोलटकरांनी देवळाकडे पाहिले ते पर्यटकाच्या परक्या नजरेने, असा आक्षेप भालचंद्र नेमाडे यांनी घेतला. आक्षेप वजनदार आहे आणि आम्हांस तो पुरता पटत नाही. परंतु पटतो की नाही हे ठरविण्यास मैलारच्या यात्रेला जाणाऱ्या भालकीच्या वाचकाहून अधिकारी माणूस कोण? त्यालाच नेमके ते पुस्तक मिळत नाही. न्यूयॉर्कच्या वाचकाला मात्र २००५ पासून ते तेथल्या एका ग्रंथमालेत मिळते.

इतर नावे झपाट्याने सांगतो, कारण यादी हा आमचा उद्देश नव्हे. दिलीप चित्रे मराठीचे कवी आणि इंग्रजीचेही. 'ट्रॅव्हलिंग इन अ केज' १९८० चे, आणि तुकोबांचा इंग्रजी अवतार 'सेज तुका' १९९१ चा. निसिम इझिकेल बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या समाजातले. सीमेवरच्याच बेळगावच्या इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्यासह त्यांनी इंग्रजीत नेल्या. गोमंतकाकडे वळावे तर जोसेफ फुर्तादो यांचे 'अ गोअन फिडलर' १९२७ इतके जुने आहे, आणि पुण्यात वाढलेल्या युनिस डिसोझांचे 'फिक्स' १९७९ चे. यांतले कोणते परदेशी?

पुस्तके दुर्मिळ का झाली, याचा दोष सर्वस्वी ग्रंथालयांवर टाकणे अन्यायाचे होईल. ही कविता जन्मापासूनच लहान लहान छापखान्यांच्या आश्रयाने वाढली. कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आदिल जस्सावाला आणि गीव्ह पटेल या चौघांनी १९७६ साली 'क्लिअरिंग हाउस' काढले ते आपलीच पुस्तके आपणच छापण्यासाठी. वर्गणीदार टपालाने गोळा केले, वेष्टने कोलटकरांनीच रेखाटली. दहा वर्षांच्या आत तो उद्योग मिटला. अशी पुस्तके विक्रेत्याकडे जात नाहीत, मित्राकडून मित्राकडे जातात. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाने प्रती द्यावयाच्या त्या कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील ग्रंथालयांना. बिदरच्या वाचकाने चारांपैकी कोणत्या दिशेस निघावे? आणि महाविद्यालयात पोहोचली ती फक्त संकलने. पार्थसारथींचे दहा कवींचे संकलन १९७६ चे, मेहरोत्रांचे बारा कवींचे १९९२ चे. दोन्ही चांगली; पण विद्यार्थ्याला एका कवीच्या चारपाच कविता, त्याही परीक्षेच्या बेताने, एवढाच परिचय होतो. संबंध संग्रह वाचणे ही गोष्टच निराळी. 'जेजुरी' सुटी वाचली तर चार गमतीदार चित्रे दिसतात; सलग वाचली तर मनुष्य बसने येतो आणि रेल्वेस्थानकावर अडकून पडतो.

येथे मराठीचे कैवारी आम्हांस थांबवितील. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून येथे मराठी शाळा आणि मराठी पुस्तक टिकविणे हेच व्रत होऊन बसले आहे. मराठीच्याच कपाटाला नवे पुस्तक मिळत नसताना इंग्रजी कवितेचे चोचले कशाला? ही वेदना आमचीही आहे, तिची थट्टा आम्ही करणार नाही. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. सीमाभागातील वाचक कधी एका भाषेचा नव्हता. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू अशा भाषांत पदे रचली, आणि गाणगापूरला गुरुचरित्राचे मराठी पारायण ऐकून परतणारा भाविक वाटेत कन्नड बोलतो. दोन भाषांत लिहिणारा कवी ज्याला सर्वांत लवकर कळेल असा वाचक येथेच आहे. कोलटकरांची 'भिजकी वही' आणि 'काळा घोडा पोएम्स' एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवली, तर मराठीचे नुकसान कसे होते, हे कोणी तरी आम्हांस समजावून द्यावे. चित्र्यांचा तुका वाचून मूळ गाथेकडे धावलेले तरुण आम्ही पाहिले आहेत.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा : आता सर्व काही दूरध्वनीवर मिळते, मग ग्रंथालयाची कटकट कशाला? मिळते ते ज्याचे नाव ठाऊक आहे ते. मेनेझिस हे नाव ज्याने ऐकलेलेच नाही तो यंत्राला काय विचारणार? शिवाय परदेशी आवृत्त्यांच्या किमती पाहिल्या की शिक्षकाच्या घरातला मुलगा पडदा मिटवितो. कपाटापुढे उभे राहून भलतेच पुस्तक हाती लागणे, हा जो ग्रंथालयाचा लाभ, तो अद्याप कोणत्या यंत्राने दिलेला नाही. महमूद गावान हा गीलानहून आलेला परदेशी. १४७२ साली त्याने बिदरला मदरसा उभारला आणि तेथे तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. समुद्रापलीकडची विद्या मागवून घेणारे हे नगर आपल्याच जिल्ह्यातील वचनांचे पुस्तक मागवू शकत नाही, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.

पैसा नाही असे कोणी म्हणू नये. कर्नाटकाच्या १९६५ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर आपण सारेच भरतो, आणि कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून सार्वजनिक ग्रंथालयांना ग्रंथखरेदीसाठी साहाय्य देत आले आहे. उणीव आहे ती लेखी मागणीची. तेव्हा पुढील सभेत ठराव करण्याऐवजी मंडळींनी आपापल्या ग्रंथालयाच्या मागणीपुस्तकात नावे लिहावीत. कोलटकरांचे मराठी व इंग्रजी दोन्ही संग्रह मुंबईच्या प्रास प्रकाशनाने, म्हणजे अशोक शहाणे यांनी काढले. 'काळा घोडा पोएम्स' व 'सर्पसत्र' २००४ चे. समग्र इंग्रजी कविता इंग्लंडच्या ब्लडॅक्सने २०१० साली एका खंडात आणल्या. चित्र्यांच्या निवडक इंग्रजी कविता 'ॲज इज, व्हेअर इज' या नावाने हेमंत दिवट्यांच्या पोएट्रीवालाने २००७ साली छापल्या. रामानुजन आणि इझिकेल यांचे समग्र संग्रह ऑक्सफर्डचे आहेत, आणि 'स्पीकिंग ऑफ शिव' पेंग्विनचे. मेनेझिस यांच्यासाठी धारवाडकडील जुन्या महाविद्यालयीन ग्रंथालयांना पत्र घालावे आणि प्रतिलिपीची विनंती करावी. मात्र अनुवादांवर त्यांचे नाव एल. एम. ए. मेनेझिस असे छापलेले आहे. केवळ आर्मांदो या नावाने सूची चाळून रिकाम्या हाताने परतू नये.