४०२० मोठे की १००?

४०२० मोठे की १००? दुसरीतले पोरही क्षणात उत्तर देईल. पण हाच प्रश्न लॅपटॉपच्या दुकानात पडला, तर ते उत्तर चुकते आणि चुकीची किंमत घराच्या बचतीतून जाते.

असे समजा, की एक गृहस्थ अकरावीतल्या मुलीसाठी लॅपटॉप घ्यायला निघाले आहेत. घरातला हा पहिलाच संगणक. दुकानात दोन लॅपटॉप शेजारी-शेजारी मांडलेले. रंग तोच, पडदा तेवढाच, कंपनीचे नावही तेच. एकाच्या पाटीवर प्रोसेसरचे नाव ‘सेलेरॉन एन ४०२०’, दुसऱ्याच्या पाटीवर ‘इंटेल एन १००’. दुसरा थोडा महाग. गृहस्थ सरळ हिशेब करतात : आकडा मोठा, किंमत कमी, शिवाय सेलेरॉन हे नाव कुठेतरी ऐकलेले. पहिला घेऊ या! यात त्यांचा काय दोष? कांदे-बटाटे घेताना जी अक्कल कामाला येते, तीच त्यांनी इथे वापरली.

वस्तुस्थिती मात्र उलटी आहे. एन ४०२० हा प्रोसेसर २०१९च्या अखेरीस आला. एन १०० आला २०२३च्या सुरुवातीला. पहिल्यात दोन कोअर, म्हणजे काम करणारे दोन हात; दुसऱ्यात चार. पहिल्याचा कमाल वेग २.८ गिगाहर्ट्‌झ, दुसऱ्याचा ३.४. कंपनीच्या हिशेबाने पहिला जास्तीत जास्त ८ जीबी रॅम सांभाळतो, दुसरा १६. सगळे हात एकदम कामाला लावून घेतलेल्या चाचण्यांत एन १०० सुमारे तिप्पट काम उरकतो. आणि गंमत अशी, की दोघांचीही नोंद ६ वॅट अशीच आहे. घरातला साधा एलईडी दिवाही बहुधा याहून जास्त वॅटचा असतो.

तेवढ्याच विजेत तिप्पट काम कसे? स्वयंपाकघरात पाहा. दोन शेगड्यांवर भात-वरण शिजत असताना तिसरे पातेले आले, की कुणाला तरी उतरावे लागते. चार शेगड्या असल्या, की ती ओढाताण नाही. नव्या प्रोसेसरमधले घटक अधिक बारीक आहेत, त्यामुळे तेवढ्याच विजेत ते अधिक संख्येने राबतात. त्याची आखणीही सुधारलेली आहे, म्हणून घड्याळाच्या एका टिकटिकीत तो अधिक काम करतो. हाताशी ठेवायची कॅश स्मृती, म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा म्हणा ना, पहिल्यात ४ एमबीची, दुसऱ्यात ६ एमबीची. शिवाय एव्ही १ या नव्या पद्धतीने बांधलेले व्हिडिओ उलगडण्याची सोय दुसऱ्यात प्रोसेसरमध्येच आहे. पहिल्यात ती नाही, त्यामुळे असा व्हिडिओ आला की दोन्ही हात त्यातच अडकतात.

मुलीच्या दृष्टीने याचा अर्थ काय? शिकवणीचा व्हिडिओ चालू, शेजारी पाठ्यपुस्तकाची पीडीएफ, आणि टिपणे लिहायला तिसरी खिडकी. हा काही चैनीचा वापर नव्हे. पण इथेच दोन हातांचा प्रोसेसर धापा टाकू लागतो. पडदा थांबतो, आवाज पुढे जातो, आणि ‘मला हे जमतच नाही’ असे मुलीला वाटू लागते. न जमणारे ते यंत्र असते, मुलगी नव्हे.

कमी विजेचे, स्वस्त प्रोसेसर म्हणजे टाकाऊ माल, असे मात्र कुणी समजू नये. जिथे दिवसातून दोनदा वीज जाते, तिथे बॅटरीवर टिकणारा, पंख्याशिवायही चालू शकणारा लॅपटॉप हे वरदानच आहे. ज्यांच्या घरी एन ४०२० आधीच आहे, त्यांनीही खंत करू नये. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, एका वेळी एक काम करणे यासाठी तो पुरेसा आहे. प्रश्न स्वस्ताईचा नाही, स्वस्ताईसाठी काय कापले याचा आहे. १९९८ साली सेलेरॉनचा जन्मच मुळी स्वस्त संगणकांसाठी झाला. पहिल्या सेलेरॉनमधून दुसऱ्या पातळीची कॅश स्मृती काढून टाकली होती आणि त्याच्या संथपणाचा बोभाटा झाला. त्याच वर्षी १२८ केबी कॅश घालून पुढचा सेलेरॉन आला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. दोन्ही स्वस्तच, पण एकात नको तिथे कात्री लागली होती.

पुढे २०२३मध्ये इंटेलने नव्या लॅपटॉपसाठी सेलेरॉन आणि पेंटियम ही नावेच बंद केली. म्हणजे जुन्या प्रोसेसरला भारदस्त नाव आणि मोठा आकडा, तर नव्याला साधे नाव आणि छोटा आकडा! सामान्य माणसाने ओळखायचे कसे?

माझे म्हणणे एवढेच, की हे ओळखण्याचा सगळा भार गिऱ्हाइकावर टाकू नये. बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते, फ्रिजवर तारे असतात. लॅपटॉपच्या खोक्यावर तो बांधल्याचा महिना असतो, पण आतला प्रोसेसर कोणत्या सालचा, हे ठळकपणे लिहिलेले नसते. गेल्या महिन्यात बांधलेल्या यंत्रातही कित्येक वर्षांपूर्वीचा प्रोसेसर असू शकतो. प्रोसेसरचे साल, कोअरची संख्या आणि रॅम पुढे वाढवता येते की नाही, या तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत, मराठीत छापायला असा कितीसा खर्च येणार? लाखाचा लॅपटॉप घेणारा चुकला, तर दुसरा घेतो. पैसे साठवून पहिला घेणाऱ्याला दुसरी संधी नसते. म्हणून स्पष्ट माहितीची खरी गरज त्यालाच आहे.

तोवर हे प्रश्न आपणच विचारू या. त्यात आणखी एक जोडू या : साठवण एसएसडीची आहे की संथ ईएमएमसीची? कारण एन १०० घेतला आणि ४ जीबी रॅमवर भागवले, तर चार शेगड्या घेऊन ओटा मात्र वीतभर ठेवल्यासारखे होईल. विंडोज ११ला किमान ४ जीबी लागते हे खरे, पण ते पास होण्यापुरते पस्तीस गुण झाले. निदान ८ तरी असू द्यावे.

दुकानात पाच मिनिटे जास्त लागतील. लागू देत. घरातल्या मुलीची पुढची चार-पाच वर्षे त्या खोक्यात असतात.