'बायकांची गाडी' कुठली?

मैत्रिणींनो, गाड्यांच्या दुनियेत 'बायकांची गाडी' अशी एक जात आहे: छोटी, गरीब, क्लच नसलेली, मंडई आणि शाळेच्या फेऱ्या मारणारी. माझी पोलो जीटी टीएसआयही छोटी आणि बिनक्लचचीच. पण तिला टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती. म्हणून ती एकदम 'पोरांची'! २०१३ साली आलेली ही गाडी आपल्या चाकणलाच बनायची. २०२२ मध्ये ते थांबलं. मागची सीट अरुंद आहे, सासूबाई कुरकुरतात. पण खंबाटकीच्या चढाला पायाखाली जी ताकद लागते, तिचं सुख मी कुणाला विचारून घेत नाही.

हप्ते माझ्या पगारातून जातात. खड्ड्यांनी पुढच्या चाकात आवाज यायला लागला, तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "साहेबांना फोन करायला सांगा." साहेबांना ती गाडी धड चालवताही येत नाही.

हा नुसता रीतभातीचा प्रश्न नव्हे. २०१४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत दोन एअरबॅगांच्या पोलोला चार तारे मिळाले. पुढच्या दोन्ही सीटवर पुरुषी मापाचे पुतळे होते. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात समोरून बसलेल्या धडकेत, पट्टा बांधूनही, बाईला गंभीर इजेचा धोका पुरुषापेक्षा ७३ टक्के जास्त निघाला. सरासरी बाईच्या मापाचा पुतळा स्वीडनच्या आस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने २०२२ मध्ये जगापुढे आणला. तेव्हा शोरूममध्ये रंग नंतर निवडा. आधी विचारा, चालकाच्या जागी कुणाला बसवून ही गाडी आपटून पाहिली?