ऑक्टोपॅड नंतर घ्या, आधी तारखांची वही भरा



गेल्या आठवड्यात दुकानाचं शटर ओढता ओढता एक पोट्टा आला. धुमाल पार्टीत पॅड वाजवतो, हात एकदम तयार. मला म्हणाला, "भाऊ, आईचे डोरले गहाण ठेवतो, वरचे पैसे कर्ज काढतो अन् स्वतःची पार्टी काढतो. कसं राहीन?"

मी लगेच उत्तर दिलं नाही, आणि त्याला कारण आहे. २०१९ मध्ये असाच एक जण आला होता आणि मी मोठ्या रुबाबात सांगितलं होतं, "घेऊन टाक, धंद्यात रिस्क घ्यावीच लागते." त्याने घेतलं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि अख्खी लग्नसराई गेली. हप्ता मात्र गेला नाही. शेवटी पॅड आणि स्पीकर अर्ध्या किमतीत विकून तो कोळशाच्या गाडीवर लागला. कोरोना काही मी आणला नव्हता, पण सहा महिने कमाई नसेल तर हप्ता कुठून देशील, हे मी त्याला विचारलंच नव्हतं. बीबीएत तीन वर्षं वर्किंग कॅपिटल शिकलो आणि ऐन वेळी तेच विसरलो. म्हणून आज हे लिहितोय.

आपलं राजूर म्हणजे चुन्याच्या भट्ट्या आणि कोळसा. पण लग्न, गणपती, दुर्गा, शिवजयंती, भीमजयंती, काहीही असो, वाजवणारे लागतातच. माझं दुकान इलेक्ट्रिकलचं, त्यामुळे जॅक पिन तुटली, केबल मधेच बंद पडली, अ‍ॅम्प्लिफायर तापला की ही सगळी मंडळी माझ्याकडे येतात. वरातीत तुम्ही नाचता ते मी बघत नाही, दुसऱ्या दिवशीचा हिशोब बघतो.

समजा एका वरातीचे २२,००० ठरले. पिकअप आणि डिझेल ४,०००, जनरेटर १,५००, चहा-जेवण १,५००, काम आणून देणाऱ्या मध्यस्थाचे २,०००. उरले १३,०००. दहा पोट्टे, प्रत्येकी ८०० धरले तर ८,००० गेले. मालकाच्या हाती ५,०००. वर्षाला ३५ तारखा लागल्या तर मालकाचे झाले १,७५,०००, आणि वाजवणाऱ्याचे २८,०००. वर्षाचे, बरं का, महिन्याचे नाही! आता मालकाने तीन लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढलेलं असेल तर हप्ता जवळपास १०,००० बसतो. वर्षाचे १,२०,००० तिथेच गेले. उरलेल्या ५५,००० मधून जळालेला स्पीकर, फाटलेली पानं, बुडवलेली उधारी. तुमच्या भागातले आकडे वेगळे असतील, तुमचे तुम्ही टाका आणि कागदावर मांडून बघा. मनातल्या मनात हिशोब केला की तो नेहमी फायद्याचाच निघतो.

आणि हप्ता बाराही महिने येतो, तारखा येत नाहीत. आषाढी ते कार्तिकी चातुर्मासात बहुतेक लग्नं थांबतात. मधे पोळा, गणपती, नवरात्र येतं म्हणून जीव वाचतो. यवतमाळचा दुर्गोत्सव एवढा मोठा आहे की तिथे दूरदूरच्या पार्ट्या येतात. २०२६ मध्ये तर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे ऐन सीझनचा एक महिना लग्नाला बंद. पार्टीचं स्वप्न बघणाऱ्या कितीजणांनी हे पंचांग उघडून बघितलंय?

वर ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री १० ते सकाळी ६ बाहेर वाजवायला बंदी. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तीही सण-उत्सवाला. वरात नऊला निघाली तर तुमच्याकडे एकच तास आहे. नवरीकडचे उशिरा आले म्हणून पैसे कापले जातात, असं पोट्टे मला येऊन सांगतात. पण बयाणा घेताना वेळ लिहून घेतली असेल तर कोण कापेल?

आता थोडं मोठ्या लोकांकडे बघू. वाजवणाऱ्याचं पोट कायम दुसऱ्या कोणाच्या तरी दारावर राहिलं आहे. उस्ताद अहमदजान थिरकवा एवढे मोठे तबलजी, पण तेही बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत होते, मग रामपूर दरबारात, नंतर लखनौला शिकवायला. मग सिनेमा आला. मुंबईच्या स्टुडिओत ढोलक, तबला, कोंगोवाले अख्खी टीम बसून एकत्र वाजवायचे. दत्ताराम वाडकरांचा ढोलकचा ठेका एवढा चालला की आजही त्याला 'दत्ताराम ठेका' म्हणतात. मारुतीराव कीर आर. डी. बर्मन यांच्याकडे ताल सांभाळायचे. पण साध्या वादकाला पैसे मिळायचे ते त्या दिवसाच्या रेकॉर्डिंगचे. गाणं पुढे चाळीस वर्षं वाजलं तरी त्याच्या घरी काही येत नव्हतं. मग मशीन आली, प्रोग्रामिंग आलं, आणि दहा जणांचं काम एक जण करू लागला. रोलँड कंपनीने ऑक्टोपॅड काढला तो १९८५ मध्ये. ज्या पॅडने स्टुडिओतल्या ढोलकवाल्यांचं काम कमी केलं, त्याच पॅडवर आज आपल्याकडची पोरं पोट भरतात. धंद्यात असंही होतं.

झाकीर हुसेन यांचं उदाहरण मी मुद्दाम देतो. १५ डिसेंबर २०२४ ला ते गेले तेव्हा सगळ्यांनी 'वाह ताज'चे व्हिडिओ टाकले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतले होते. पण माझ्या मते धंदा करणाऱ्याने बघायची गोष्ट वेगळी आहे. १९९२ मध्ये त्यांनी मोमेंट रेकॉर्ड्स नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. मैफल होती, शिकवणं होतं, जाहिरात होती, सिनेमा होता, आणि वर रेकॉर्डिंगची मालकीही स्वतःकडे. जगात एक नंबरचा तबलजी, तरी नुसत्या हातावर अवलंबून राहिला नाही. मग आपण कोण लागून गेलो?

एक कडू गोष्टही बोलून टाकतो. आपल्याकडे डफडं, हलगी वाजवणं ही कित्येक पिढ्या जातीने लादलेली गावकी होती. मोबदला म्हणजे भाकरी, धान्य, जुनं कापड. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेकांनी ते वाजवणं ताठ मानेने सोडलं. पण वाजवून घेणाऱ्याची सवय गेली नाही. "वाजव रे, देऊ काहीतरी" हे मी आजही ऐकतो. म्हणून रेट तोंडी ठेवू नका. तारीख, वेळ, माणसं किती, बयाणा किती, बाकी कधी, हे एका कागदावर लिहा आणि सही घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला तरी चालेल. आणि तुम्ही मालक झालात की पोट्ट्यांचे पैसे त्याच रात्री द्या. चांगला पॅडवाला तुम्हाला सोडून जातो तेव्हा तो दोनशे रुपयांसाठी जात नाही, चार चकरा मारायला लावल्या म्हणून जातो.

हे कागद जपूनही ठेवा. पन्नाशीनंतर राज्य सरकारच्या ज्येष्ठ कलाकार मानधन योजनेत अर्ज करायचा झाला तर कामाचे पुरावे लागतात. आयुष्यभर वाजवलेल्या माणसाकडे एक साधं पत्रक नसतं, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. पीएम विश्वकर्मावर मात्र भरवसा ठेवू नका, त्यातल्या १८ व्यवसायांत वादक नाहीत.

तर त्या पोट्ट्याला मी शेवटी काय सांगितलं? डोरले घरी ठेव. पॅड भाड्याने घे, एका सीझनपुरतं. दहा रुपयांची वही घे, आणि तुझ्या नावावर, तुझ्या मालकाच्या नाही, बयाण्यासकट वीस तारखा आण. वीस झाल्या की कर्जाच्या अर्जावर मी स्वतः तुझ्यासोबत बसतो. मधल्या काळात संध्याकाळी चार लेकरांना शिकव. चातुर्मासात तेवढाच किराणा निघतो.

त्याचं तोंड उतरलं. "भाऊ, तुम्ही व्हिडिओत तर म्हणता हिंमत करा," असं म्हणून गेला. मलाही ते लागलं, खोटं कशाला बोलू.

परवा तो परत आला. वहीत नऊ तारखा होत्या. दोघांनी बयाणा दिलेला नव्हता, त्या दोन मी पेन्सिलने खोडल्या. राहिल्या सात. तो चिडला नाही. एक जॅक पिन घेतली, तिचे पैसे रोख दिले आणि वणीच्या गाडीत बसला. तिथे एका मंडळाची बैठक होती म्हणे.