हापूस फ्रीजमध्ये कधी ठेवायचा? पेटीतले आंबे खराब का होतात, समजून घ्या

हापूसची पेटी घरी येते तेव्हा फळं टणक, हिरवट असतात. आठवडाभरात काही देठाशी काळी पडतात, काही सुरकुततात, काही कापल्यावर आतून पांढरट निघतात. आपण विक्रेत्याला दोष देतो. पण या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

आंबा सुरकुततो का?
काढणीनंतरही फळाचं श्वसन सुरूच असतं. पिकताना त्यातून इथिलीन वायू बाहेर पडतो, स्टार्चची साखर होते, गर मऊ होतो. एका फळाचं इथिलीन शेजारच्या फळांनाही पिकवतं. उकाड्यात हे सगळं वेगानं घडतं आणि पाणी उडून साल सुरकुतते. म्हणूनच कोकणातून वाशीपर्यंतच्या उन्हातल्या प्रवासात जास्त पिकलेला माल बागायतदाराला पडेल त्या भावात द्यावा लागतो.

देठाशी काळं का पडतं?
ही बहुतेकदा देठकूज. तिची बुरशी बागेतच शिरते, फळ पिकेपर्यंत दबून राहते. देठ तुटला तर तिला वाट मिळते, शिवाय चीक ओघळून सालीवर डाग पडतात. म्हणून झेल्यानं, थोडा देठ ठेवून आंबा काढतात.

पांढरट गर म्हणजे काय?
हा साका. तो झाडावरच तयार होतो आणि बाहेरून दिसत नाही. त्यामुळे विकणाराही तो नुसत्या नजरेनं ओळखू शकत नाही.

मग थेट फ्रीजमध्ये ठेवायचे?
कच्चे असतील तर नको. साधारण १२-१३ अंश सेल्सिअसखाली कच्च्या आंब्याला थंडी बाधते. सालीवर करडे डाग पडतात, फळ नीट पिकत नाही, चव उतरते. घरचा फ्रीज तर ४-५ अंशांवर असतो.

घरी काय कराल?
• पेटी लगेच उघडा, फळं गवतावर एका थरात पसरा.
• रोज पाहा, डागाळलेली बाजूला काढा.
• पिकल्यावरच फ्रीजमध्ये ठेवा, दोन-चार दिवसांत संपवा.

विकत घेताना हेही लक्षात ठेवा
कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवण्यावर देशात बंदी आहे. १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वायू वापरायला मात्र परवानगी आहे. साल पिवळीधमक, पण वास नाही आणि गर आंबट, असं असेल तर विक्रेत्याला आंबा कसा पिकवला ते जरूर विचारा.