फॉर्म चारला भरला, मेल नऊला आला



समजा, गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी ४ वाजून ५ मिनिटांनी कोणीतरी तुमच्या वेबसाइटवरचा 'संपर्क' फॉर्म भरला. "उद्या सकाळी १०१ उकडीचे मोदक मिळतील का?" तुमच्या मोबाइलवर तो मेल दिसला रात्री ९ वाजून १० मिनिटांनी. तुम्ही लगेच फोन लावला आणि पलीकडून उत्तर आलं, "अहो, तुमच्याकडून काहीच कळलं नाही, म्हणून आम्ही दुसरीकडे सांगितलं." मोदकांच्या जागी शिकवणी ठेवा, साड्या ठेवा, गावाकडचं होमस्टे ठेवा, गोष्ट तीच. ऑर्डर तर गेलीच, वर "यांना कळवलं तरी उत्तर देत नाहीत" हे गिऱ्हाइकाच्या मनात बसलं ते वेगळंच.

पहिला संशय होस्टिंग कंपनीवर जातो. तो पुष्कळदा खराही असतो, पण नुसत्या संशयावर त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही. चॅटवर विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : "आमच्याकडे सर्व्हर व्यवस्थित आहे, कॅशे क्लिअर करून पाहा." फुकटच्या जीमेलला विचारावं तर तिथे विचारायला माणूसच नाही. मग उशीर कुणाकडे झाला हे ठरवायचं कसं? ते त्या मेलवरच लिहिलेलं असतं.

जुनं आंतर्देशीय पत्र आठवा. त्यावर पत्र टाकलेल्या गावचा शिक्का असायचा आणि बऱ्याचदा पोहोचलेल्या गावचाही. दोन तारखा पाहिल्या की पत्र वाटेत किती दिवस होतं ते कळायचं. ईमेलचंही तसंच आहे. तो ज्या ज्या सर्व्हरमधून जातो, तो प्रत्येक सर्व्हर आपली एक ओळ आणि वेळ त्यावर टाकतो. ही ओळ 'रिसीव्ह्ड' या शब्दाने सुरू होते. नवा शिक्का जुन्याच्या वर बसतो, म्हणून या ओळी खालून वर वाचायच्या.

त्या दिसतात कुठे? जीमेलमध्ये मेल उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूत 'शो ओरिजिनल' निवडा. मोबाइलच्या जीमेल ॲपमध्ये हा पर्याय मिळत नाही. संगणक घ्या, किंवा मोबाइलच्या ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' चालू करून जीमेल उघडा. पान उघडल्यावर वरच्या चौकटीत मेल तयार झाल्याची वेळ आणि तो किती सेकंदांनी किंवा तासांनी पोहोचला हे दिसतं. तिथे थांबू नका, खालचा मजकूर बघा. तो भीतीदायक दिसतो, पण आपल्याला फक्त रिसीव्ह्डच्या ओळी आणि त्यांच्या शेवटच्या वेळा हव्या आहेत.

आपल्या मोदकांच्या मेलवर सगळ्यात खालची ओळ होस्टिंगच्या सर्व्हरची आहे, वेळ १०:३५, पुढे +००००. तिच्या वरची ओळ गूगलच्या सर्व्हरची, वेळ ०८:४०, पुढे -०७००. बघताक्षणी वाटतं, मेल निघण्याआधीच पोहोचला! पण मागचा आकडा म्हणजे जागतिक वेळेपासूनचं अंतर. आपली वेळ +०५३०. म्हणून पहिल्या वेळेत साडेपाच तास मिळवा : दुपारचे ४:०५. दुसरी वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची आहे, तिच्यात साडेबारा तास मिळवा : रात्रीचे ९:१०. म्हणजे फॉर्मने मेल लगेच होस्टिंगच्या हाती दिला आणि गूगलच्या दारात तो पाच तासांनी पोहोचला. मधला सगळा वेळ तो होस्टिंगच्या रांगेत होता.

उलट सगळ्यात खालचीच ओळ रात्री नऊची असेल, तर होस्टिंगच्या मेल सर्व्हरला दोष देता येणार नाही. मेल त्याच्याकडे आलाच उशिरा. वर्डप्रेसच्या साइटवर असं होण्याचं एक गमतीदार कारण आहे. काही प्लगइन मेल ताबडतोब न पाठवता 'नंतरची कामं' म्हणून बाजूला ठेवतात, आणि वर्डप्रेसचं कामांचं घड्याळ स्वतःहून चालत नाही. कोणीतरी साइट उघडली की ते जागं होतं आणि साचलेली कामं उरकतं. ज्या साइटवर दिवसाकाठी चारच माणसं येतात, तिथे दुपारचा मेल संध्याकाळच्या पाहुण्याची वाट बघत बसतो. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये 'क्रॉन जॉब' लावून दर पाच-दहा मिनिटांनी हे घड्याळ हलवता येतं.

आणि दोन्ही ओळी दुपारी चारच्या असतील तर मेल वेळेवरच आला होता, उशीर तुमच्या फोनने केला. बॅटरी सेव्हर चालू असेल किंवा मेल ॲप 'दर तासाला तपासा' अशा बेताने लावलं असेल तर असं होतं. आणखी एक : फॉर्मच्या मजकुरातली वेळ आणि तुमची वेळ यांत नेहमी बरोब्बर साडेपाच तासांचा फरक पडत असेल तर उशीर झालेलाच नाही. साइटचं घड्याळ जागतिक वेळेवर आहे. वर्डप्रेसच्या 'सेटिंग्ज'मधल्या 'जनरल'मध्ये कोलकाता निवडा, विषय संपला.

आता त्या पाच तासांकडे येऊ. स्वस्त होस्टिंग म्हणजे चाळ. एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइटी, आणि बाहेरच्या जगासाठी सगळ्यांचा पत्ता एकच. एखाद्या बिऱ्हाडातून फसवे मेल जायला लागले की जीमेल अख्ख्या चाळीवर नजर ठेवतं. मग ते ४२१ या आकड्याने सुरू होणारा निरोप देतं. त्याचा अर्थ असा की तुमच्या पत्त्यावरून नको असलेला मेल फार येतोय, सध्या हळू घेतोय, नंतर या. होस्टिंगचा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि थोड्या वेळाने पुन्हा दार वाजवतो. दुसरं कारण होस्टिंगची स्वतःची मर्यादा : एका डोमेनवरून तासाला अमुक इतकेच मेल. तुम्ही म्हणाल, आमचे मेल ते किती! पण यांत्रिक बॉट रात्रंदिवस तुमचा फॉर्म भरत असतील तर ते तुमचा कोटा खाऊन टाकतात. फॉर्मला कॅप्चा लावलेला नसेल तर आजच लावा.

यातलं नेमकं कारण कोणतं ते शिक्क्यांवरून कळत नाही. त्यासाठी सीपॅनेलमध्ये 'ट्रॅक डिलिव्हरी' बघा. त्या मेलसमोर 'डिफर्ड' दिसेल आणि शेजारी कारण. काही कंपन्या ही सोय ग्राहकाला देत नाहीत. त्यांच्याकडे त्या मेलचा 'मेसेज आयडी', दोन्ही रिसीव्ह्ड ओळी आणि भारतीय वेळ लिहून लॉग मागा. "मेल उशिरा येतात" या तक्रारीला कॅशेचं उत्तर मिळतं. दोन शिक्के समोर ठेवले की तक्रार पुढच्या माणसाकडे सरकण्याची शक्यता बरीच वाढते.

हा सगळा प्रकार ईमेलच्या स्वभावातच आहे. त्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये लिहिले, तेव्हापासून ईमेल सबुरीचा आहे. दार उघडलं नाही तर पुन्हा यायचं. २००८च्या सुधारित नियमांतही दोन खेपांमध्ये साधारण किमान अर्धा तास जाऊ द्यावा आणि चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये, असं सांगितलं आहे. पत्रासाठी हे उत्तम. उद्याच्या मोदकांसाठी नाही.

उपाय म्हणून होस्टिंग बदलायचा सल्ला पटकन मिळतो. मला तो घाईचा वाटतो. वर्षाचे पैसे भरलेले असतात, आणि दुसऱ्या चाळीत शेजारी चांगलेच मिळतील याची खात्री कोण देणार? वेबसाइट आहे तिथे राहू द्या, फक्त मेलची वाट बदला. डब्ल्यूपी मेल एसएमटीपी किंवा फ्लुएंट एसएमटीपी यांसारखं प्लगइन घ्या आणि फॉर्मचा मेल तुमच्या जीमेल, झोहो किंवा तत्सम खात्यातून, रीतसर लॉगिन होऊन जाईल असं करा. जीमेलसाठी साधा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून 'ॲप पासवर्ड' घ्यावा लागतो. काही होस्टिंग कंपन्या बाहेरच्या मेल सर्व्हरची वाट बंद ठेवतात, तेव्हा आधी विचारून घ्या.

त्याच वेळी फॉर्मची 'फ्रॉम' ही जागा तपासा. तिथे गिऱ्हाइकाचा पत्ता घालायची जुनी पद्धत आहे, म्हणजे उत्तर द्यायला सोपं. पण मग तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने पत्र टाकतो असं होतं. याहूने एप्रिल २०१४मध्ये आपल्या पत्त्यांपुरते असे मेल सरळ नाकारायला सांगितलं, आणि फेब्रुवारी २०२४पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएमची ओळख मागतं. म्हणून 'फ्रॉम'मध्ये ज्या खात्यातून मेल जातो तो तुमचाच पत्ता, आणि 'रिप्लाय-टू'मध्ये गिऱ्हाइकाचा. मेल तुमच्या डोमेनच्या पत्त्यावरून जात असेल तर डोमेनला एसपीएफची नोंद हवी, आणि ती एकच. दोन नोंदी झाल्या तर दोन्ही निकामी होतात.

एवढं करूनही फॉर्ममधली माहिती केवळ मेलच्या भरवशावर सोडू नका. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे लोकप्रिय प्लगइन आलेला मजकूर स्वतः साठवत नाही. मेल हरवला की माणूस हरवला. त्याच लेखकाचं फ्लेमिंगो हे मोफत प्लगइन जोडा, म्हणजे प्रत्येक विचारणा साइटवरच जमा होते. सणाच्या दिवसांत मेलची वाट न बघता दिवसातून दोनदा ती यादी उघडा. तिच्यात लोकांचे नंबर आणि पत्ते असतात, तेव्हा काम झालेल्या नोंदी महिन्याकाठी काढून टाका. आणि फॉर्म भरल्यावर येणाऱ्या "धन्यवाद"च्या खाली "उद्याची ऑर्डर असल्यास कृपया फोन करा" ही ओळ आणि नंबर लिहा. तांत्रिक काही नाही, पण अडचणीच्या दिवशी हीच उपयोगी पडते.

सगळं बदलून झालं की स्वतःच फॉर्म भरा : एकदा सकाळी, एकदा भर दुपारी, एकदा रात्री. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून आणि वाय-फाय बंद करून. प्रत्येक मेल 'शो ओरिजिनल'मध्ये उघडून खालची आणि वरची वेळ वहीत टिपा. फरक काही सेकंदांचा आला पाहिजे. आठवडाभराने पुन्हा एकदा करा, कारण रांग रोजच साचते असं नाही.