मसाला चहाला प्राचीन ठरवण्याचा हट्ट कशासाठी?

१/ पाच हजार वर्षांपूर्वी कुण्या राजाने राजवैद्याकडून मसाला चहा सिद्ध करून घेतला, ही कथा आज सर्वत्र फिरते. ‘चाय लाटे’च्या परदेशी पाकिटांवर ती असते आणि आपल्याकडच्या अभिमानपर संदेशांतही. कथेत राजाला नाव नाही, राज्याला ठिकाण नाही आणि ग्रंथाचा आधारही नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला सावध करण्यास एवढ्या तीन उणिवा पुरेशा आहेत.

२/ या धाग्याचे प्रतिपादन असे : मसाला चहा प्राचीन नाही. तो जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. त्याला ओढूनताणून प्राचीन ठरवले की ज्यांनी तो खरोखर घडवला, ती माणसे इतिहासातून पुसली जातात. आणि त्या माणसांत राजा एकही नाही.

३/ आधी गोंधळाचे मूळ पाहू. काढा प्राचीन आहे, यात वाद नाही. सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटू आयुर्वेदात मान्यता पावलेले आहे. आले, तुळस, वेलदोडा, गवती चहा उकळून पिण्याची रीत घरोघर होती. परंतु चरक-सुश्रुतांच्या औषधीसंग्रहात चहाच्या पानाला स्थान नाही. मसाला जुना, पान नवे. दोहोंची सांगड केव्हा पडली, हा खरा प्रश्न आहे.

४/ एक महत्त्वाची साक्ष सुरतेची आहे. १६८९ मध्ये तेथे आलेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन नोंदवतो की, शहरातील बनिया व्यापारी चहा घेतात, कुणी खडीसाखरेबरोबर घेतो, आणि उष्ण मसाले घालून उकळलेला चहा डोकेदुखी व पोटशूळावर गुणकारी मानला जातो. म्हणजे चहात मसाला पडला होता!

५/ मग प्रतिपादन कोसळले का? नाही. सुरतेचे ते पान चीनचे होते, डच व इंग्रज जहाजांच्या व्यापारातले. ते महाग होते आणि बंदरांपुरते होते. ओव्हिंग्टनच्या वर्णनातला मसालेदार चहा औषध म्हणून येतो, दुधाचे रोजचे पेय म्हणून नव्हे. शिवाय त्या सुरतेपासून आजच्या टपरीपर्यंत अखंड परंपरा दाखवता येत नाही. साम्य आढळले म्हणजे वारसा सिद्ध होत नाही. हा भेद इतिहासाच्या विद्यार्थ्याने कधी विसरू नये.

६/ आता आसाम. तेथील सिंगफो लोक चहाचे झाड ओळखत होते आणि त्याचे पानही वापरत होते. मणिराम दत्त बरुआ, अर्थात मणिराम दिवाण, यांच्याकडून ही माहिती रॉबर्ट ब्रूसला १८२३ मध्ये मिळाली. १८३९ च्या जानेवारीत आसामचा चहा लंडनच्या लिलावात विकला गेला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली. मणिराम यांनी पुढे स्वतःचे मळे उभारले. १८५७ च्या उठावातील सहभागासाठी त्यांना २६ फेब्रुवारी १८५८ रोजी जोरहाटला फाशी देण्यात आले. शाळेच्या पुस्तकात ‘शोध’ मात्र ब्रूसच्या नावावर राहिला.

७/ मळ्यांवर राबले कोण? छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओडिशा आणि तेलुगू मुलखांतून करार करून आणलेले आदिवासी व भूमिहीन मजूर. काम सोडणे हा गुन्हा ठरवणारे कायदे त्यांच्या मानेवर होते. मे १९२१ मध्ये चारगोला खोऱ्यातील हजारो मजूर मळे सोडून गावाकडे निघाले. चांदपूरच्या रेल्वे स्थानकावर अडकलेल्या या लोकांवर रात्री गुरखा शिपाई सोडण्यात आले. पाच हजार वर्षांच्या कथेत या रात्रीला जागा उरत नाही, हा त्या कथेवरील मुख्य आक्षेप आहे.

८/ एवढा चहा पिकत असताना भारतीय माणूस तो पीत होता का? एकोणिसाव्या शतकात फारच थोडा. माल विलायतेला जाई. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर १८९० चे पुण्यातील पंचहौद मिशन प्रकरण आठवावे. व्याख्यानानंतर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे मांडली. निमंत्रितांत रानडे, टिळक, गोखले होते. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती धरला.

९/ डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि शहरात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. वाद पेयापेक्षा देणाऱ्या हातांचा होता, हे खरे. तरीही एका पेल्यावरून सारे शहर दुभंगते, यावरून त्या पेल्याचे तेव्हाचे परकेपण कळते.

१०/ चहा घराघरांत शिरला तो योजनाबद्ध प्रचारामुळे. १९०३ च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. १९२९ नंतरच्या मंदीत परदेशी भाव कोसळले, १९३३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीवर मर्यादा आली. पडून राहणारा चहा खपवायला देशातलाच गिऱ्हाईक हवा होता. मग गिरण्यांत, खाणींत, रेल्वे स्थानकांवर चहाची दुकाने निघाली. चहा कसा करावा हे देशी भाषांत सांगणारे फलक लागले.

११/ त्या फलकांवरची रीत काय होती? किटलीत पत्ती घाला, उकळते पाणी ओता, काही मिनिटे झाकून ठेवा, दूध-साखर वरून द्या. विक्रेत्यांनी ही शिकवण बाजूला ठेवली. त्यांनी पाणी, दूध, साखर, पत्ती एकाच भांड्यात उकळली आणि त्यात आले-वेलदोडा ठेचून टाकला. थोड्या पत्तीत जास्त पेले निघाले आणि चवही चढली. पत्ती कमी खपते म्हणून चहा उद्योगाने या मसाल्याबद्दल नाराजी दाखवली. जो पदार्थ आज ‘भारताची ओळख’ मानला जातो, तो मुळात टपरीवाल्याने केलेला आज्ञाभंग आहे.

१२/ पुढची पायरी यंत्राची. १९३० च्या सुमारास आसामच्या आमगुरी मळ्यावर विल्यम मॅककर्चर यांनी पान चिरडून, फाडून, वळवणारे यंत्र बनवले. हीच ‘सीटीसी’ पद्धत. तिची दाणेदार पत्ती स्वस्त, गडद आणि कडक असते. दूध आणि मसाला या दोन्हींपुढे टिकेल असा कडकपणा तिच्यात आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ती सर्वत्र पसरली, तेव्हा मसाला चहा सामान्य घराच्या आवाक्यात आला. इराण्याच्या हॉटेलांनी, राजस्थानी कुटुंबांनी चालवलेल्या पुण्याच्या अमृततुल्यांनी, मुंबईच्या ‘कटिंग’ने त्याला आपापले रूप दिले.

१३/ ही परंपरा ध्यानात घेतली की घरच्या चहाची कृतीही उलगडते. दोन पेल्यांसाठी सव्वा पेला पाण्यात बोटाच्या पेराएवढे आले ठेचून ३-४ मिनिटे उकळावे. ताज्या आल्यात दूध नासवणारे विकर असते. उकळीत ते निष्प्रभ होते, म्हणून आले दुधाआधी. मग दोन चमचे पत्ती आणि साखर. दोन मिनिटांनी पेलाभर दूध घालून दोनदा वर येऊ द्यावे. दुधातील केसिन पत्तीच्या तुरटपणाला बांधून घेते. वेलदोड्याचा सुगंध उडून जाणारा, म्हणून तो शेवटी.

१४/ ‘लाटे’ हवा असल्यास पाणी निम्मे, पत्ती दुप्पट करून दाट अर्क काढावा, गाळावा आणि वेगळे तापवलेले फेसाळ दूध वर ओतावे. फेसासाठी यंत्र लागतेच असे नाही. दूध उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतण्याची युक्ती टपरीवर आहेच. लाटे म्हणजे इटालियनमध्ये दूध. ‘चाय टी लाटे’ म्हणजे ‘चहा चहा दूध’. यावर हसावे, पण संतापू नये.

१५/ कारण शुद्धतेचा आग्रह धरला असता तर मसाला चहा जन्मलाच नसता. चीनचे झुडूप आणि आसामचे झाड, विलायती भांडवल, आदिवासींचे श्रम, इराण्याचे टेबल, गल्लीतला खलबत्ता, हे सारे एका पातेल्यात आले. परदेशी उपाहारगृहाने त्यात फेस मिसळला तर तो त्याच प्रवासाचा पुढचा टप्पा आहे. आक्षेप घ्यायचा तो पाकिटावरच्या खोट्या राजावर घ्यावा.

१६/ ‘मग चहा ही इंग्रजांची देणगी मानायची का?’ असा प्रश्न येईल. तेही नव्हे. झाड सिंगफोंना ठाऊक होते, वाट मणिरामांनी दाखवली, पान मजुरांनी खुडले. कंपन्यांनी विकला तो वेगळाच चहा होता. लोकांनी तो आपल्या रीतीने उकळला. गौरव शोधायचा तर तो या चौघांत पुरेसा आहे.

१७/ परंपरा जुनी असली तरच आपली, या समजुतीने इतिहासाचे फार नुकसान केले आहे. शंभर वर्षांची गोष्टही पूर्णतः आपली असू शकते, तिच्या पोटातील अन्यायासकट. चहाला पाच हजार वर्षांचे वय बहाल करण्यापेक्षा चारगोला आणि मणिराम दिवाण ही दोन नावे लक्षात ठेवणे अधिक मोलाचे आहे.